कोरडा ढोल

बिरूआबा मला पहिल्यांदा दिसले ते एस.टी.त, कंडक्टरशी वाद घालताना.

एक्क्याण्णव साल होतं. मी वरकुट्याच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून नुकतीच रुजू झाले होते आणि इंदापूरहून लसींचा डबा घेऊन परतत होते. डब्यात बर्फ, बर्फात लसी, आणि बर्फ वितळायच्या आत गाव गाठायचं. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी डबा पोटाशी धरून, एका हातानं दांडीला लोंबकळत उभी. आणि खिडकीजवळच्या सीटवर, घोंगडीत गुंडाळलेला एक भलामोठा ढोल ऐसपैस बसलेला! त्याच्या शेजारी लाल पटक्याचा, पांढऱ्या मिशांचा, काटक म्हातारा.

कंडक्टरचं म्हणणं, सामान टपावर टाका. म्हाताऱ्याचं म्हणणं, ढोलाचं पूर्ण तिकीट काढलंय, तो बसूनच येणार. कंडक्टर वैतागून म्हणाला, ढोल काय माणूस आहे का?

"माणूस असता तर उबा केला असता की," म्हातारा शांतपणे म्हणाला.

सगळी गाडी हसली. मी नाही हसले. मी सरळ सांगितलं, आजोबा, या डब्यात लेकरांच्या लसी आहेत, तुमचा ढोल मांडीवर घ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि उठले. मला वाटलं, आता ढोल उचलतील. कसलं काय! स्वतःची जागा मला दिली आणि वरकुटं येईपर्यंत ढोलावर पंजा ठेवून उभे राहिले, गाडीच्या हिसक्यानं तो कलू नये म्हणून. मी ढोलाला खेटून बसले होते. खड्डा आला की घोंगडीच्या आत तो घुमायचा, अगदी बारीक, आणि ते घुमणं माझ्या बरगड्यांना कळायचं. मला राग आला होता आणि ते घुमणं आवडलंही होतं. त्या माणसाच्या बाबतीत माझं पुढे कायम असंच होत राहिलं.

उतरल्यावर कळलं की हे माझे शेजारीच. उपकेंद्राच्या मागे निवडुंगाचं कुंपण, कुंपणापलीकडे त्यांचं घर. बायको वारलेली, मुलगा बारामतीत कंपनीत. वडिलांच्या काळी घरात मेंढरं होती, पावसाळा सरला की कळप घेऊन कोकणच्या अंगाला उतरायचं. मग शेताला पाणी आलं, मेंढरं गेली आणि आबा ज्वारी-ऊस करणारे शेतकरी झाले. मेंढरांच्या काळातलं घरात काय उरलं होतं? घोंगडी, काठी आणि तो ढोल.

हा ढोल एकाच झाडाच्या बुंध्यातून पोखरून काढलेला होता. कुणी पोखरला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आबांच्या गुरूंना तो त्यांच्या गुरूंकडून मिळाला, एवढंच. आजकाल पत्र्याचे ढोल मिळतात, नटबोल्टनं आवळायचे. आबा त्यांना पिंप म्हणायचे, पाणी भरायला बरे. सकाळी उठले की चहाच्या आधी ढोलाजवळ जायचे आणि मी तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवते तसा हात कातड्यावर ठेवायचे. "आज गार हाय," म्हणायचे, नाहीतर, "आज खुशीत हाय." मग चहा.

बोलणं अगदी कमी. त्यांच्या वतीनं बोटंच बोलायची. समोरचा काही सांगू लागला की यांची बोटं गुडघ्यावर वाजू लागत, आणि त्या वाजण्यावरून आपल्याबद्दल काय मत झालंय ते ओळखायचं. मी कुटुंबनियोजनाची माहिती द्यायला गेले की बोटं अशी काही रेंगाळायची की माझंच मला हसू यायचं. सरपंच बोलायला लागले की थांबायचीच.

एका पावसाळ्यात ते दोन दिवस दिसले नाहीत म्हणून मी कुंपणाला वळसा घालून गेले. घर एका कोपऱ्यात गळत होतं. आबा तापानं फणफणलेले, अंगावर नुसती बंडी, दातावर दात आपटत बसलेले. आणि घोंगडी कुठे? ढोलावर! घरातली एकुलती एक गोधडीसुद्धा ढोलावर. मी इंजेक्शन दिलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. म्हटलं, आबा, न्यूमोनिया होऊन मराल, मग काय ढोल खांदा देणार आहे का?

"म्या मेलो तर दुसरा वाजवंल," ते म्हणाले. "ढोल भिजला तर कोन वाजवनार, आन कशावर?"

मी गोधडी ओढून त्यांच्या अंगावर टाकली. घोंगडीला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही.

ते गावच्या गजीचे मुख्य होते. गजी म्हणजे धनगरांचा नाच: मधे ढोल, झांज आणि सनई, भोवती हातात रंगीत रुमाल घेतलेल्या गड्यांचं रिंगण. ताफ्याला आबांचा एकच नियम होता आणि नवीन गडी आला की त्याच्याकडून तो पहिल्या दिवशी वदवून घेत. पयला ढोल, मग आपुन. ढोल जमिनीला टेकवायचा नाही, त्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. पाऊस आला, धक्काबुक्की झाली, बैल उधळला, काहीही झालं तरी आधी ढोल वर. हे नुसतं सांगून थांबत नसत. सराव चालू असताना, ज्याच्या गळ्यात ढोल असेल त्याला मधेच मागून ढकलायचे. तो पडला तर पडू दे, ढोल कुठे राहतो ते बघायचं.

त्या सगळ्यांत सोपान वेगळा. तिशीच्या आतला, हसरा गडी. वाजवायचा झांज, पण ढोलही शिकत होता. एकदा मी उपकेंद्राच्या पायरीवर बसून बघत असताना आबांनी त्याला असंच ढकललं. सोपान पाठीवर आपटला, कोपरं सोलवटली, पण ढोल छातीवर, दोन्ही हातांनी वर धरलेला. मी कापूस आणि आयोडिन घेऊन धावले. आबा तिथेच उभे, चेहरा फुललेला. "ह्यो माजा," म्हणाले. मी त्यांच्या तोंडून कुणाचं कौतुक ऐकलं ते तेवढंच. सोपाननं तर जखमेकडे पाहिलंही नाही, तो नुसता हसत होता. मी मनात म्हटलं, सगळेच येडे आहेत.

पण मला तोंड मिटायला लावलं ते त्या ढोलानंच. सोपानची बायको कमल पहिलटकरीण होती. तिचं बाळ पोटातच गेलं. मीच होते तिथे, माझ्याच हातात ते आलं. त्यानंतर कमल बोलेना, रडेना. भिंतीकडे बघून बसायची. भरवलं तर खायची. मी रोज जायची, समजावायची, गोळ्या द्यायची. माझ्या पेटीत त्याच्यावर औषध नव्हतं. बिरोबाची जत्रा आली तेव्हा सोपान तिला जवळजवळ उचलूनच देवळापुढे घेऊन आला आणि माझ्याशेजारी बसवून गेला.

आबांना वाजवताना मी तोवर नीट पाहिलंच नव्हतं. भंडारा उधळला गेला, चांगभलं झालं आणि या काटकुळ्या म्हाताऱ्याच्या अंगात कुठलं बळ आलं कोण जाणे. ते ढोल घेऊन उड्या मारत होते, गुडघ्यावर येत होते, पण माझ्या ध्यानात राहिलं ते निराळंच. मधेच ते एकदम थांबायचे, हात वर, आणि त्या थांबलेल्या जागेत सोपानची झांज उत्तर द्यायची. पुन्हा ढोल विचारायचा, पुन्हा झांज सांगायची. ते विचारणं ऐकता ऐकता माझा हात कुणीतरी घट्ट धरला. कमल रडत होती. मोठ्यानं, गुरासारखी हंबरून. बायका गोळा झाल्या तशी मी सगळ्यांना मागे सारलं. म्हटलं, रडू द्या तिला, कुणी गप्प करायचं नाही. पुढल्या वर्षी तिला मुलगी झाली, सोनी. तीही माझ्याच हातावर. त्या दिवसापासून मी आबांच्या घोंगडीबद्दल चकार शब्द काढला नाही.

पंचाण्णवच्या हिवाळ्यात ताफ्याला बारामतीला कार्यक्रमाचं बोलावणं आलं. दुपारी कार्यक्रम आटोपून मंडळी टेंपोतून परत निघाली, काटेवाडीला चहा झाला. उसाचे दिवस, डांबरी रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग, म्हणून सणसरजवळ ड्रायव्हरनं कॅनॉलच्या भरावावरून गाडी घातली. कॅनॉल तुडुंब चालला होता. समोरून एक उसाची ट्रॉली आली. तिला वाट द्यायला टेंपो कडेला गेला, ओली माती खचली आणि टेंपो हळूच, म्हैस पाण्यात बसावी तसा, कलंडला.

मला मोटरसायकलवरून न्यायला आले. मी पेटी घेऊन गेले, म्हटलं काहीतरी करता येईल. भरावावर सणसरची माणसं जमली होती, त्यांनी दोर टाकून सगळ्यांना काढलं होतं. एक सोडून. सोपान नव्हता. दोघं-तिघं पाण्याच्या कडेनं खाली धावत गेले होते. मी एकेकाला तपासत निघाले आणि आबांपाशी आले. ते मातीत बसले होते, पटका गेलेला, नखशिखांत भिजलेले, थरथरत होते. मांडीवर ढोल. नाडी बघायला मी त्यांचं मनगट धरलं तेव्हा माझ्या हाताचा मागचा भाग कातड्याला लागला.

ढोल कोरडा होता.

मी नाडी मोजायची विसरले.

काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यात दोन मतं नव्हती. टेंपोच्या बुडालेल्या कडेवर पाय रोवून आबा गळाभर पाण्यात उभे होते, दोन्ही हात वर, हातांत ढोल. सोपान त्यांच्याच शेजारी होता. त्याला पोहता येत नव्हतं. त्यानं आबांच्या धोतराचा सोगा धरला होता. मग सोगा सुटला आणि पाण्यानं त्याला नेलं. आबांनी ढोल सोडून हात पुढे केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सोपान कॅनॉलच्या खालच्या गेटपाशी सापडला.

गावानं आबांना वाळीत टाकलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. त्यापेक्षा वाईट केलं. लोक त्यांच्यादेखत बोलायचेच नाहीत आणि पाठ फिरली की तेवढंच बोलायचे: ढोल कोरडा ऱ्हायला बगा. मीही रागावले होते, खोटं कशाला बोलू. माझा सगळा जन्म माणूस जगवण्यात गेला, तिथे तरी माझा हिशेब सरळ होता. निवडुंगापलीकडे ते सकाळी ढोलावर हात ठेवताना दिसले की मी खिडकी लावून घ्यायची. हात ठेवायचे, पण गार की खुशीत ते सांगायचं बंद झालं होतं. वाजवणं तर बंदच. त्या वर्षी जत्रेत गजी झाली नाही.

सनईवाले गुलाबभाई, गावातल्या पानपट्टीचे मालक, एक दिवस औषध न्यायला आले आणि बसून राहिले. तेही त्या टेंपोत होते. म्हणाले, बाई, एक गोष्ट कुणी बोलत नाही. टेंपो कलायला लागला तेव्हा ओरडला तो सोपानच. "आबा, ढोल धरा" म्हणून. शेवटचं बोलणं तेच. कमलला सांगितलंय, पण आबा कुणाला सांगू देत नाहीत.

मी दिवसभर तेच घोकत बसले. म्हणजे आबांची सुटका झाली होती की काय? मला तर वाटलं, झाली.

पुढे इंदापुरात आबांचा सत्कार ठरला. पुण्याचे एक लोककलेचे अभ्यासक यायचे होते. आबांना जायचं नव्हतं. सरपंचांनी गाडीत घातलं आणि सोबत मला पाठवलं. त्या गृहस्थांनी फार छान भाषण केलं. छान म्हणजे ऐकायला छान. म्हणाले, हा ढोल म्हणजे शतकांचा आवाज आहे, या कलावंतानं जिवावर उदार होऊन तो राखला. एक दुर्दैवी मृत्यू झाला, पण माणसं जन्माला येत राहतात, असा ढोल पुन्हा जन्माला येणार नाही.

मला वाटलं, उठावं आणि विचारावं, माणसं जन्माला येतात म्हणजे कशी येतात हो? मी बघते ती. एकेकीला दोन दोन दिवस लागतात. पण माझ्याआधी आबा उठले. खांद्यावरची शाल काढून नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि चालू लागले. मी मागोमाग. थेट एस.टी. स्टँडवर जाऊन बाकावर बसले.

मी म्हटलं, आबा, पाणी जोरात होतं. हात दिला असतात तरी कदाचित तो वाचला नसता.

"व्हय," ते म्हणाले. "नसता बी वाचला."

मग म्हणाले, "पर त्ये न्हवं, बाई. इचार करून न्हाय म्हटलं असतं तर एक बरं व्हतं. हितं इचारच झाला न्हाय. हात मोकळं करायचं माज्या ध्यानातच आलं न्हाय."

मी गुलाबभाईंनी सांगितलेलं काढलं. म्हटलं, सोपाननंच सांगितलं होतं ना ढोल धरायला? तुम्ही त्याचंच ऐकलंत.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यो वरडला त्ये कुणाचं शिकवल्यालं? माजंच की. त्यो माजाच आवाज व्हता, बाई. माज्याच आवाजावर म्या ढोल धरला."

त्यांची बोटं गुडघ्यावर पालथी पडलेली, एकही हलत नव्हतं. त्या दिवशी माझा राग गेला. मला वाटतं, राग होता तेच सोपं होतं.

त्यानंतर गावच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं की ढोलानं बळी घेतलाय, तो बुडवावा. सणसरला, त्याच जागी. अवसेच्या सकाळी आबांनी स्वतःच त्याच घोंगडीत ढोल गुंडाळला, उचलला, आणि चौघं-पाचजण निघाले तर दारात कमल उभी. कडेवर सोनी. मी कुंपणापाशी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"ढोल कुटं न्यायचा न्हाय," ती म्हणाली.

एक म्हातारा समजावणीच्या सुरात काही बोलू लागला. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती आबांशी बोलत होती. "त्यो गेला तवा शेवटचं ढोलाचंच बोलला. आता ढोल बी बुडवल्यावर, त्यो कशापायी गेला, त्ये ह्या पोरीला म्या काय सांगू?"

"पोरी, माजा हात उचलत न्हाय," आबा म्हणाले.

"उचलायचा. म्या तुमाला माफी दिल्याली न्हाय, आन देनार बी न्हाय. पर वाजवायचं. दर जत्रेला. माज्यापुढं."

म्हातारे आपापल्या घरी गेले. आबा ढोल घेऊन कितीतरी वेळ तसेच अंगणात उभे होते. खाली कुठे ठेवायचा ते त्यांना सुचत नव्हतं.

पुढच्या जत्रेत त्यांनी वाजवलं. गुलाबभाईंनी सनई धरली, रिंगणात गडी आले, पण झांज घ्यायला कुणी तयार होईना, आणि आबांनीही कुणाला सांगितलं नाही. पूर्वीसारखाच ढोल विचारायचा, पूर्वीसारखेच आबा हात वर करून थांबायचे, आणि झांजेच्या जागी काही नसायचं. रिंगणातले रुमालसुद्धा तेवढा वेळ हवेत थांबायचे. मला ती जागा सहन व्हायची नाही. त्या दोन श्वासांत सोपान जितका तिथे असायचा तितका तो जिवंतपणीही कधी वाटला नव्हता. कमल देवळाच्या पायरीशी उभी राहून शेवटपर्यंत ऐकत राहिली, डोळे कोरडे. आबा म्हातारे झाले होते, पण असं त्यांनी आधी कधी वाजवलं नव्हतं. हे मी बोलू नये कदाचित. पण खरं ते खरं. ऐकताना वाटायचं, असला आवाज टिकलाच पाहिजे, आणि दुसऱ्या क्षणाला, आपल्याला असं वाटलंच कसं म्हणून शरम वाटायची.

त्याच्या पुढची जत्रा. सोनी पाच वर्षांची झाली होती, आणि बदलीची ऑर्डर हातात असल्यानं मीही तिथली शेवटची जत्रा बघत होते. टळटळीत दुपार. देवळाच्या डाव्या अंगाला गुरांसाठी दगडी हौद आहे. गर्दीत दिसेना म्हणून सोनी त्याच्या काठावर चढली होती. हे मला मागून कळलं. देवळापुढच्या चौथऱ्यावर आबा अगदी रंगात आले होते. ढोलानं विचारलं. आबांनी हात वर केले. सगळं शांत झालं, आणि त्या झांजेच्या रिकाम्या जागेत पाण्याचा आवाज आला. धप्प.

आबांनी गळ्यातला पट्टा ओढून काढला आणि ढोल टाकला. ठेवला नाही, टाकला. तो देवळाच्या पायऱ्यांवरून गडगडत गेला आणि खालच्या फरशीवर आपटला. मी आवाज ऐकला, पण बघत होते आबांकडे. रिंगण फोडून तो म्हातारा हौदात शिरला होता. पाणी किती असावं? गुडघाभर. सोनी स्वतःहून उठून उभीसुद्धा राहिली होती, नाकातोंडातलं पाणी पुसत. आबांनी तिला उचललं आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं. गुडघाभर पाण्यात उभे, हात वर, हातांत पोर. ती घाबरून पाय झाडत होती, खाली ठेवा म्हणून रडत होती.

मी धावत गेले. गुडघ्याला नुसतं खरचटलं होतं. सणसरला त्या दिवशी हे हात कसे दिसले असतील ते मला तेव्हा कळलं. मी पोरीला मोठ्या मुश्किलीनं त्यांच्या हातांतून घेतलं.

आणि कमल? कमल लेकीकडे आली नव्हती. पोर उभी दिसली, रडताना दिसली, तेवढं तिला पुरलं असावं. ती फरशीवर ढोलापाशी बसली होती. बुंधा उभा चिरला होता, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत. हात आत जाईल एवढी फट. अशाला लोखंडी पट्ट्या मारून काही उपयोग नसतो. ती त्या चिरेवर हात ठेवून रडत होती, सोपान गेला तेव्हा रडली नव्हती तशी. मी एकदाच तिला असं रडताना ऐकलं होतं, याच ढोलापुढे.

आबा ओल्या धोतरानं तिच्यासमोर येऊन उभे राहिले. तिनं मान वर केली. "एवड्याशा पान्यापायी, आबा?"

"पानी किती त्ये बगितलंच न्हाय," आबा म्हणाले.

फुटका ढोल तिनं उचलला, तो तसा एकटीला उचलण्यासारखा नव्हता, आणि छातीशी धरून घराकडे चालू लागली. कुणी अडवलं नाही, कुणी हातभारही लावला नाही. मी सोनीच्या गुडघ्याला आयोडिन लावत होते. आबा माझ्याजवळ पायरीवर बसले. त्यांनी आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले.

"बाई, ह्या बारीला बी इचार झाला न्हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "पर हात मोकळं झालं."

ते समाधानानं म्हणाले की दुःखानं, हे मला आजही सांगता येत नाही. मी त्यांच्या जागी काय केलं असतं, कमलच्या जागी कुणासाठी रडले असते, हेही नाही. नर्सच्या नोकरीत अशा प्रश्नांना उत्तर ठरलेलं असतं: माणूस आधी. ते उत्तर मी अजूनही तसंच देते. फक्त देताना तो आवाज, फरशीवर आपटलेला, कानात येतो.

जूनमध्ये माझी बदली झाली. सामान टेंपोनं पुढे पाठवून मी सकाळच्या एस.टी.नं निघाले. गाडी गावाबाहेर आली तेव्हा रस्त्याच्या कडेनं आबा चालताना दिसले, सोनीला शाळेत पोचवायला. नवी नवी पहिली. कमलनं त्यांना सांगितलं होतं की त्यांचे तेच निघाले होते, ठाऊक नाही. मी खिडकीतून हाक मारली, ती गाडीच्या आवाजात त्यांना ऐकू गेली नसावी. पोरीचं दप्तर त्यांच्या खांद्याला होतं आणि तिचं मनगट त्यांच्या मुठीत. पुढे दोन-तीन पोरी उड्या मारत चालल्या होत्या, सोनीला त्यांच्याबरोबर पळायचं होतं. ती अंगाचा झोक देऊन हात सोडवायला बघत होती. ते सोडत नव्हते.